दोन मिलिमीटर झोळ

ओस्त्रावाच्या उत्तरेला, गॅरेजांच्या सातव्या ओळीत
क्विदो रणगाडा उताणा करतो,
कासवाला करावा तसा, पण हळू,
खाली जुना टॉवेल अंथरून.
एकास सोळा. कोपरापासून बोटांपर्यंत, बस.

आधी ब्रश, दातांचा, मऊ झालेला.
मग चिमटा.
दातेरी चाकाच्या आसाभोवती गुंडाळलेला
एक केस निघतो, लांब, पांढरा.
"तुझा," तो म्हणतो.
"मांजराचा," ल्युबा म्हणते.
दोघं तो दिव्याखाली धरून बघतात
आणि निकाल न लावताच टाकून देतात.

तेल नाही. तेल कधीच नाही.
तेलाला वाळू चिकटते, आणि वाळू पोलाद खाते.
ग्राफाइटची पूड घ्यायची, चिमूटभर,
तपकीर घेतात तशी, दोन बोटांत.
हे तो जमिनीखाली सातशे मीटरवर शिकला.
तिथे बत्तीस वर्षं त्यानं कोळशाचा सरकता पट्टा
राखला. राखला म्हणजे ऐकला.
तुटायच्या आधी पट्टा बोलतो,
आणि इंजिनिअर लोक काटा बघत बसतात.

म्हणून या रणगाड्यातला तोफेचा स्पीकर
त्यानं पहिल्याच दिवशी काढला.
क्लबातली पोरं हसली.
"तोफ काय, बहिऱ्यालाही ऐकू येते,"
एवढं बोलून तो कड्या मोजायला बसला.

मोजते खरं तर ल्युबा.
डावीकडे शहात्तर, उजवीकडे पंचाहत्तर.
खाणीच्या दिवाघरात ती खिडकीशी असायची,
पाळी संपली की दिवे परत घ्यायची, नंबर बघून, हुकाला लावून.
एका रात्री एक हूक रिकामा राहिला.
तेव्हापासून ती कुठलीही गोष्ट दोनदा मोजते,
चमचे, औषधाच्या गोळ्या, जिन्याच्या पायऱ्या.

आता ताण.
वरच्या बाजूला, आधाराच्या दोन चाकांमध्ये,
बोटानं दाबलं तर पट्टा दोन मिलिमीटर वाकावा.
कमी वाकला तर गिअरबॉक्स कण्हतो.
जास्त वाकला तर पहिल्याच वळणाला पट्टा उतरतो
आणि गाडी एका जागी गरगरत राहते,
लग्नात जास्त झालेल्या मामासारखी.

दाबायचं कुणी, तर ल्युबानं.
ड्रिलनं क्विदोची बोटं पांढरी करून ठेवलीत,
थंडीत त्यांना पिन आणि काडी सारखीच.
हे दोघं कुणाला सांगत नाहीत.
तो फक्त हात मागे घेतो
आणि ती पुढे करते.

झिजलं की पट्टा आखडत नाही, लांबतो.
भोकं रुंदावतात, केसाएवढी प्रत्येक,
आणि शहात्तर केस मिळून एक कडी होते.
मग ती काढायची.
काढलेल्या कड्या मोहरीच्या बरणीत: अकरा.
शेजारच्या गॅरेजातला ओन्द्रा, नऊ वर्षांचा,
बरणी हलवून विचारतो,
"म्हणजे शेवटी पट्टाच उरणार नाही?"
क्विदो गंभीरपणे विचार करतो.
"त्याच्या आधी चाकाचे दात जातील."
मग जरा थांबून,
"माझे गेलेच आहेत."

रविवारी, वाळूच्या खड्ड्यात, तिसऱ्या वळणावर
खट्.
उजवा पट्टा सापाच्या कातेसारखा मागे पसरला.
रिमोट क्विदोच्या हातात,
पण आता त्याचा काही उपयोग नाही,
आणि तरी तो दोन्ही अंगठे हलवतो, थोडे.
ल्युबा गुडघ्यांवर वाळूत उतरते.
दोऱ्याला बांधलेलं लोहचुंबक फिरवते,
बाकीच्या गाड्या वळसा घालून जातात,
कुणीतरी घड्याळाकडे बघतं.
चुंबकाला आधी एक बाटलीचं झाकण लागतं,
मग एक खिळा, कुणाचा कोण जाणे,
मग पिन.

ती पिन ठोकते, उलट्या हातोडीनं, चार बारीक टोले.
पंचाहत्तर. पुन्हा पंचाहत्तर.
"झोळ?" वरून क्विदो विचारतो.
"बरोबर."
तिनं अजून दाबलेलंही नसतं.
गाडी चालू लागते
आणि दोघंही, शर्यत सोडून,
मान एका बाजूला कलवून
ऐकत राहतात.