शेऱ्याचा रकाना

कांजुरमार्गला, सहाव्या मजल्यावर, रात्री दहा ते सहा
मी मेलेल्या गोऱ्यांची अक्षरं लावते.
पानाला साडेसात रुपये.
नाहीच लागलं अक्षर तर चौकटी कंसात प्रश्नचिन्ह,
पण एका पानाला तीनच, फ्लॅव्हिया म्हणते,
चौथ्याला पैसे कापतात.

महिनाभर माझ्याकडे जेडेडाया क्रॉफ्ट आहे.
केंटकीतल्या त्याच्या खापरपणतीच्या नातीला
सिद्ध करायचंय की तो लढला होता,
आणि डोंगराच्या पलीकडे पहिल्या चुलीचा धूर
त्याच्याच छपरातून निघाला.
मला तो आता सासऱ्यांइतका माहीत आहे:
डाव्या मांडीत गोळी, सहीच्या जागी फुली,
एक गाभण गाय, सात मुलं, त्यातली तीन खोडलेली.
बायकोचं नाव थँकफुल.
असतात अशी नावं. आमच्या आजोळी एक नकुशा होती.

त्याच्या जमिनीची हद्द:
पांढऱ्या ओकपासून ओढ्याच्या मुखापर्यंत,
तिथून खुणेच्या दगडाकडे, आणि परत त्याच ओकपाशी.
ओक पडला तर कुठून मोजायचं, ते लिहिलेलं नाही.

नवरा गेल्यावर थँकफुल पेन्शन मागायला गेली.
लग्नाचा पुरावा?
तिनं घरच्या बायबलमधलं जन्ममृत्यूचं पान
फाडून अर्जाला जोडलं.
कडेचे दोरे अजून दिसतात स्कॅनमध्ये.
त्या रात्री मी चहाला उठले नाही.

आमच्याकडे फाडायलाही पान नाही.
पप्पा सांगायचे, आपला एक पलटणीत होता, अंबनाक,
मुलतानपर्यंत चालत गेला,
कुणाच्या तरी किल्ल्यावर कुणासाठी तरी चढला,
दापोलीला पेन्शन खात मेला.
एवढंच. तेही जेवताना, ताटात हात धुता धुता.

एका शनिवारी काळा घोड्याच्या अभिलेखागारात गेले.
पेंढुरकर चष्मा कपाळावर सारून म्हणाले,
पलटणीचा नंबर?
नाव आहे, मी म्हटलं.
नाकवाले शेकड्यांनी आहेत, बाई. नंबर आणा.

मग आठवला ऐरोलीच्या सुगंधाआत्याकडचा तांब्या.
पितळी, बुडाशी चेपलेला,
ती त्यानं कुंडीतल्या मिरचीला पाणी घालते.
गळ्याखाली ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलंय.
घातलं होतं.
पाच पिढ्यांच्या बायांनी चिंचेनं, राखेनं, मग पावडरीनं
असं लख्ख घासलं
की अंब उरलंय आणि नाक गेलं.
आत्या हसली. म्हणाली,
घासण्यातच गेलं की गं आपलं नाक.
पुढे एक आकडा. एक असेल, किंवा नऊ.
मी कागद लावून पेन्सिल फिरवली, तरी तेच:
एक, किंवा नऊ.

काल क्रॉफ्टची शेवटची फाइल आली.
शेजारी शपथेवर सांगतो, जमीन ओसाड होती.
पुढच्याच ओळीत:
मक्याचं उभं पीक जाळलं,
दोन इंडियन मारले, आणि एक बाई.
इंडियन टाइप करताना माझं बोट दर वेळी अडखळतं.
ओसाड जमिनीत मका कुणी पेरला,
हे शपथ घेणाऱ्याला कुणी विचारलं नाही.
त्या तिघांची नावं नाहीत,
आणि फॉर्ममध्ये त्यांच्यासाठी रकानाही नाही.
मुलतानच्या वाटेवर अंबनाकनं काय काय जाळलं
हे मलाही कुठे ठाऊक आहे?
तांब्यावर तेवढी जागा नसते.

मी शेऱ्यात लिहिलं, मका त्यांचा होता.

चार वाजता फ्लॅव्हिया खुर्चीमागे येऊन उभी राहिली.
हे मूळ पानावर कुठे आहे?
ओळ बारा आणि तेराच्या मध्ये, मी म्हटलं.
ती वाकली. पान मोठं केलं, अजून मोठं केलं,
शाईच्या कडा फुटून नुसते चौकोन दिसायला लागले.
कंसात टाक, ती म्हणाली.
चौथं असलं तरी चालेल.