छत्रीखाली, कुडचडे

पूर्वी इथे ट्रकचे टायर विकायचे.
खाणी बंद पडल्या, गिऱ्हाईक संपलं, मग मालकही.
शटर मात्र कंपनीने तेच ठेवलं, पिवळा रंग देऊन.
त्याच्या खालच्या खाचेत अजून खनिजाची तांबडी धूळ असते,
रोज सकाळी मी ब्रशने काढते, रोज थोडी उरते.
ट्रेनिंगमध्ये या धुळीवर धडा नव्हता.

बाकी सगळ्यावर होता.
बटाटा किती जाड, मीठ किती उंचावरून,
हसताना दात किती दिसावेत
(थट्टा नाही, चित्र आहे तसं,
एकशे चार देशांत तेच चित्र).
पडद्यावर पृथ्वी फिरवून दाखवली आम्हाला,
तिच्यावर पिवळ्या छत्र्या उगवत गेल्या,
वारुळावर अळमी उगवतात तशा,
एका रात्रीत, कुणी न पेरता.
मी कुडचडे शोधत होते.
सापडेपर्यंत पृथ्वी पुढे सरकली.

मथुरामावशी आल्या बुधवारी, दुपारी तीनला,
गिऱ्हाईक नसतं तेव्हा.
कुष्टा ट्रकवाल्याची बायको. ट्रक अजून आहे,
परसात, बोनेटवर दोडक्याचा वेल.
त्यांनी चपला दाराबाहेर काढल्या.
म्हटलं, मावशी, घालून या.
तर म्हणाल्या, नुकतीच पुसलीय गो कुणीतरी.
मीच पुसली होती.

काही मागवलं नाही.
पाटीवरचे भाव वरून खाली वाचले
आणि विचारलं, याचे पौंड किती होतात?
त्यांचा तुळशीदास स्विंडनला असतो,
याच छत्रीखाली, चौथं वर्ष.
आजोबांच्या जन्माचा पोर्तुगीज दाखला पेटीच्या तळाशी निघाला,
एक कोपरा वाळवीने खाल्लेला.
ज्या म्हाताऱ्याने कधी सावर्ड्याचा पूल ओलांडला नाही
त्याने मेल्यावर नातवाला विलायतेला पोचवलं.

'तो खंय उबो रावता?'
मी फ्रायर दाखवला.
'आणि बसतो कुठे?'
मी इकडेतिकडे बघितलं.
दाखवायला स्टूल नव्हतं.

मग त्या नुसत्या बघत राहिल्या.
टोपी, हातमोजे, तेलाची वाफ,
माझ्या मनगटावरचा चट्टा.
'त्यालाही आहे, इथेच.
व्हिडिओत बाही ओढून घेतो, वाटतं आईला दिसत नाही.'

तेवढ्यात टाइमर वाजला.
तीन आखूड, एक लांब, पुन्हा तीन आखूड.
मावशींचा हात कानाकडे गेला, रिकामाच.
'ठेव, ठेव तू,' त्या म्हणाल्या,
'काम आलं ना, ठेव. रविवारी बोलू.'

मग कळलं त्यांचं त्यांनाच.
हात तसाच केसांवरून फिरवून खाली घेतला.

बटण दाबायला सात सेकंद मिळतात.
मी दाबलं नाही.
टोपलीतले बटाटे तांबूस झाले,
मग आमच्या शटरच्या खाचेसारखे,
मग त्याहून काळे.
टाइमर वाजत होता
आणि मावशी मान कलती करून ऐकत होत्या,
जणू पलीकडच्याने आज फोन
ठेवलाच नव्हता अजून.

गोडविन आतून ओरडत आला.
त्याचाही भाऊ बोटीवर आहे, पण ते वेगळं.
वाया गेलेल्या मालाच्या वहीत
कारणाला तीनच रकाने:
सांडलं, करपलं, ग्राहकाने परत केलं.
मी दुसऱ्यावर खूण केली.
पैसे पगारातून जातील. जाऊ देत.

निघताना मावशींनी सॉसची एक पुडी मागितली.
'चाखून बघते. तो म्हणतो तिथे कशालाच चव नाही.'
दोन दिल्या.
पदराच्या गाठीत बांधल्या त्यांनी, नाण्यांजवळ,
आणि त्या खाचेवरून
पाय जरा उचलून पलीकडे गेल्या,
उंबरठा ओलांडावा तशा.