गाडी झुकत नाही

बुरोंडीच्या अल्ताफ मुकादमनं ताडपत्री ओढली
तेव्हा आधी वाळू सांडली, मग तीन गाड्या दिसल्या.
दिवाळीचे पाहुणे पुण्याला परतले होते,
सुरूच्या बनात वेफर्सची पाकिटं तेवढी फडफडत होती.

पहिली लाल. साडेचारशे सीसी.
भाचा रुपेन तिच्याभोवती फिरून आला
देवळाला फिरतात तसा. "मावशी, हीच."
दुसरी हिरवट, मागेपुढे कॅरियर,
नारळ वाहायला, जाळी वाहायला.
"ही उपयोगी पडेल," असं कुणी म्हणायच्या आत
मी नजर वळवली.
छप्पन्न वर्षं उपयोगी पडले आहे मी.
हर्णैच्या बर्फ कारखान्यात लाद्या मोजल्या,
कुठल्या होडीला किती, कुणाची उधारी किती,
बोटं कायमची गार.
मला काहीतरी बिनकामाचं हवं होतं.

तिसरी निळी. अडीचशे. एकाच माणसाची सीट,
बंपर डावीकडे चेपलेला, चेनवर खारा गंज.
"ही पडलीय का?"
"पडलीय म्हणून शिकलेली आहे," अल्ताफ म्हणाला
आणि स्वतःच्या विनोदावर हसला नाही.

आधी लालवर बसवलं त्यानं.
अंगठा नुसता टेकवला
आणि कारखान्यातला कंप्रेसर पोटातून निघून गेला.
मी वीस हात पुढे, किंकाळी मागेच.
रुपेन टाळ्या वाजवत होता.
अल्ताफनं किल्ली काढून घेतली.
"हिला चूक चालत नाही, बाई.
तुम्हाला तर चुका करायच्यात. पुष्कळ."

निळीची लाल दोरी त्यानं मनगटात अडकवली:
पडलात की सुटेल, इंजिन बंद.
अंगठ्याजवळचा बारका स्क्रू आत पिळला:
सध्या वेग इतकाच. पुढं तुम्हीच सैल करा.
असा स्क्रू असतो, आणि तो आपल्याला फिरवता येतो,
हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

मग ओहोटीची ओली वाळू, पाटासारखी टणक.
वर कोरड्यात जायचं नाही, तिथं चाक रुततं,
आणि थंडीत तिथंच कासवीण खड्डा करते.
स्कूटीवर माझी बावीस वर्षं:
वळणावर गाडी झुकते, पाय टेकतो, जीव वाचतो.
इथं पाय टेकलात
तर मागचं चाक तुमच्याच घोट्यावरून जाईल.
गाडी झुकत नाही. तुम्ही झुका.
आतल्या अंगाला. बूड उचलून. लाज सोडून.

पहिल्या वळणाला मी नीट बसले, शहाण्या बाईसारखी,
आणि सरळ समुद्रात गेले, गुडघाभर.
दुसऱ्याला पाय सुटला,
त्याला शिवी हासडून परत बोलावला.
तिसऱ्याला अंग टाकलं
आणि वाळूवर एक गोल उमटला,
माझ्या पहिल्या भाकरीइतका वाकडा.
लाट आली. मी अजून एक काढला.

सव्वा लाख सांगितले, पंच्याण्णवला तुटलं.
चेन नवी तो घालणार, हेल्मेट माझं,
रोज गोड्या पाण्यानं आंघोळ, आधी तिला, मग मला.
टेम्पोत रुपेन तोंड पाडून बसला.
उतरवताना शेजारच्या सुलभा खोतनं विचारलं,
"काय गो, कशाला लागते ही?"
म्हटलं, "कशालाच नाही."
ती बराच वेळ कुंपणाशी उभी राहिली.

रात्री भांडी घासताना पडवीत खुडबुड ऐकली.
बटण दाबल्याचा आवाज. पुन्हा बटण.
पुन्हा. मग एक हळू शिवी, रुपेनच्या आवाजात.
लाल दोरी माझ्या मनगटावरच होती, साबणानं भिजलेली.
मी कढई घासत राहिले.