शेऱ्याचा रकाना

उदंचन केंद्राच्या रजिस्टरात पाच रकाने असतात:
वेळ, पातळी, पंप क्रमांक, सही,
आणि अगदी कडेला, दोन बोटं रुंदीचा, शेरा.
एकवीस वर्षं मी त्यात
निरंक लिहीत आलो.

मंगळवारी भादव्याचं ऊन मानेला टोचत होतं.
चारच्या रीडिंगला गेलो
तर तिसऱ्या तळ्यावर,
जिथं भांडुप-मुलुंडचं आंघोळीचं, भांड्यांचं
आणि न सांगण्याजोगं पाणी निवळत पडलेलं असतं,
एक पाखरू
स्वतःभोवतीच फिरत होतं.

चिमणीहून थोडं थोर.
चोच दाभणासारखी.
डोळ्यामागे काजळ फिसकटल्याचा डाग.
दळण न घालता कुणी जातं सोडून द्यावं
तसं फिरत होतं. थांबे, काही टिपे,
पुन्हा फिरे.

तुतवार नव्हे, तुतवार मी ओळखतो.
शेकाट्या नव्हे, ते तांबडे पाय कुणीही ओळखेल.
घड्याळ लावून मोजलं:
मिनिटाला बावन्न फेरे.
आमचा दोन नंबरचा पंप
नवा होता तेव्हाही असा एकसारखा फिरला नाही.

शेऱ्यात लिहिलं: एक गिरकी.
नाव माहीत नव्हतं, म्हणून काम लिहिलं.

शुक्रवारी पहाटे गेटवर सात गाड्या.
लेन्सा दुपट्यात गुंडाळून, बाळंतपणाहून आणल्यासारख्या,
माणसं तिवरांकडच्या बांधावर उकिडवी बसली.
त्यातले दातांचे डॉक्टर पाठारे
मला हळू आवाजात समजावू लागले,
जणू पाखराला ऐकू जाईल:
दुर्मीळ हो, फारच दुर्मीळ.
पार उत्तर ध्रुवाजवळ जन्मतं,
मग आठ-नऊ महिने भरसमुद्रात,
जमिनीला पाय लावत नाही.
यांच्यात रंग मादीला, आणि अंडी उबवतो नर.
इथे ते थोडे लाजले.

मग खिशातली वही काढून
त्यांनी तारीख घातली. शुक्रवार.
पुढे: पहिली नोंद.

मी काही बोललो नाही.
रजिस्टर महापालिकेची मालमत्ता आहे,
बाहेरच्याला दाखवता येत नाही.

भरती उतरल्यावर द्वारकी वैतीण आली,
कोपरापर्यंत चिखल, कमरेला निवट्यांची टोपली.
गर्दीकडे बघून म्हणाली,
"ह्याच्यासाठी? ह्यो तर आयतवारपासून हाय.
बापूस माझा डोलीला जायचा, त्यो सांगायचा,
खोलात हे शेकड्यांनी बसतात,
पाणी उकळल्यागत दिसतंय.
भवरे बोलायचा त्यांना.
भवरे दिसले का समजायचं, खाली मासळी हाय."

डॉक्टर लिहून घेऊ लागले. स्पेलिंग विचारलं.

ती टोपली सावरून निघाली,
बांधाच्या वळणावर थांबली, म्हणाली,
"दुर्मीळ कसला?
एकटा पडलाय तो."

रविवारी होतं.
सोमवारी चारला नव्हतं.
गाड्याही नव्हत्या. बांधावर बिस्किटाचा एक पुडा,
त्यावर मुंगळे.

पंधरा दिवसांनी पत्र आलं:
शेऱ्याच्या रकान्यात असंबद्ध मजकूर आढळला,
तीन दिवसांत खुलासा करावा.
खुलासा केला:
सदर गिरकीमुळे
पातळीवर परिणाम झालेला नाही.

द्वारकी अधूनमधून दिसते. विचारते,
"तुमचा पावणा?"
मी मान हलवतो. ती निवट्या मोजते.

आता पुन्हा तेच लिहितो,
वेळ, पातळी, पंप, सही,
शेऱ्यात निरंक.
फक्त ते लिहायच्या आधी
तिन्ही तळ्यांना चक्कर मारून येतो.