मोज्यांचा एक जोड

काउंटी कचेरीच्या तळघराला अकरा पायऱ्या.
बारावी आहे असं समजून पाय टाकला
की मार्लिस हसते. सगळेच टाकतात, म्हणते.

किल्ल्या तिच्याकडे, पेन्सिल माझ्याकडे.
शाई इथं चालत नाही.
छायाप्रतीला पानामागे पाव डॉलर,
वारसांना सवलत नाही.

चाळीस वर्षं या काउंटीत मी शाळेची बस चालवली.
कुठल्या वळणाला कुणाचं पोर उभं असायचं
ते अजून झोपेत सांगेन.
पण माझ्याच आजोबांची आई
कुठल्या वळणानं आली, हे विचारायला
माझ्याहून म्हातारं आता कुणी उरलं नाही.

अठराशे एक्क्याण्णवच्या आधीचं इथं काहीच नाही.
त्या मार्चमध्ये कचेरी जळाली. वारा उत्तरेचा.
जन्म, लग्नं, जमिनी,
सगळ्यांचा मिळून एकच धूर.
मग कारकुनानं चर्चच्या पायरीशी टेबल मांडलं
आणि दवंडी पिटली:
या, सांगा, पुन्हा लिहून घेतो.
पुरावा? ज्याचं तोंड, तोच पुरावा.

लोक आले.
कुणी वय चार वर्षांनी उतरवलं,
कुणी बांध दोन हात सरकवला,
आणि पान एकोणीस, ओळ सात:
ओटिली फेलमन. मुलं तीन. नवरा कास्पर, मयत.

'मयत'वर शाईचा थेंब सांडलाय.
लिहिणारा थांबला असेल.
किंवा बोटं गारठली असतील. मी उगाच अर्थ काढतो.

त्याच उन्हाळ्यात तिनं प्रुइटशी लग्न केलं.
त्या लग्नाचे माझे आजोबा,
त्यांचा मुलगा माझा बाप, बापाचा मी,
माझ्या दोन मुली, आणि परवा झालेला तो एवढासा,
ज्याच्यासाठी हा तक्ता करायला बसलो.

मंगळवारी मार्लिसनं दुसरी वही आणली.
काउंटीच्या गरीबखान्याची.
ती तिकडे कोठारात होती, म्हणून वाचली.
कडेला उंदरांनी कुरतडलेली,
मधे स्वच्छ:

कास्पर फेलमन. दाखल, नोव्हेंबर अठ्ठ्याऐंशी.
कारण: बोलत नाही. बाकी प्रकृती ठीक.
मृत्यू, एकोणीसशे आठ.

सतरा वर्षं.
सहा मैलांवर,
बीटची रोपं विरळत, गायींचं शेण काढत,
कागदावर मेलेला माणूस
रोज सकाळी उठत होता.

मला राग आला.
थर्मासमधली कॉफी प्यायलो, तरी उतरेना.
आमचं सगळं घराणं
एका बाईच्या एका शब्दावर उभं,
आणि तो शब्द खोटा.

मग समास दिसला. बारीक अक्षरात:
डिसेंबर. मोज्यांचा एक जोड, लोकरी, राखाडी.
देणारी, एक बाई. नाव सांगितलं नाही.

पुढच्या डिसेंबरात तेच.
त्याच्या पुढच्या.
एका साली दोन जोड, हिवाळा कडक असणार.
शहाण्णवच्या डिसेंबरात नोंद नाही.
त्या डिसेंबरात माझे आजोबा जन्मले.
जानेवारीत आहे.

माझ्या तक्त्यावर नवऱ्यासाठी
एकच चौकोन छापलाय.
खोडरबरानं तो इतका घासला
की कागदाला लव आली.
मोज्यांसाठी चौकोनच नाही.

शेवटची नोंद आठ सालची, फेब्रुवारी:
मयताचे कपडे जाळले.
मोजे मागायला एक बाई आली. दिले.
पोचपावतीला सही,
वळणदार, शाळेत गेलेल्या मुलीची:
ओटिली फेलमन.

तेव्हा तिला प्रुइट होऊन
सोळा वर्षं झाली होती, वर काही महिने.

मार्लिसनं अर्धे दिवे मालवले.
प्रत काढू का, म्हणाली.
खिशात नाणी होती.
नको म्हणालो.
मग म्हणालो, काढ.