डावा हात खिशात

समडोळीच्या वेशीबाहेर, डीपीला लागून माझी शेड.
धंदा मोटारी भरायचा. जळलेल्या तांब्याचा वास
त्रिशला म्हणते, तुमच्या उशीलासुद्धा येतो.

मिरजेहून रूबेन आवळे आला, पाठीवर गिटार.
काका, व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर पाहिजे.
म्हटलं, मी साडेसात एचपीपर्यंतचा माणूस,
काचेच्या बाटल्यांतलं मला काय कळतंय?
तो हसला, आणि नकाशा माझ्या टेबलावर विसरून गेला,
मुद्दाम.

श्रावणापासून हेच.
आउटपुट ट्रान्सफॉर्मर घरीच भरला,
तीन हजार वेढे, केसाएवढी तार.
मध्ये कुणी हाक मारली तर ओ द्यायची नाही,
आकडा जिभेखाली धरून ठेवायचा.
व्हॉल्व्ह खणभागातल्या दस्तगीर रेडिओवाल्याकडचे,
खोक्यांवर अजून पुराचा गाळ.
वाजले तर पैसे द्या, म्हणाला,
नाही वाजले तर चहा पाजा.
आणि मी पायरी उतरताना:
डावा हात खिशात ठेवून मोजायचं बरं का,
दोन्ही हात घातले की करंटला छातीतून वाट मिळते.

फिलामेंटच्या तारांची वेणी घातली,
चेसीच्या कडेकडेनं नेली.
सगळी अर्थिंग एका बोल्टाला.
आधी सिरीजमध्ये शंभराचा बल्ब.
तो भगभगला, मग उतरत उतरत
नुसता तांबूस राहिला. शॉर्ट नाही.
बल्ब काढला. डावा हात खिशात.
खिशात सुपारीचं खांड आणि एक नट.

प्लेटला तीनशे चाळीस.
कॅथोडला एकोणीस.
फिलामेंट सहा पूर्णांक तीन, जणू पुस्तकातून उचलून ठेवलेलं.
वहीत पेन्सिलनं लिहिलं. रूबेनला फोन केला, ये.

रात्री पावणेदहाला परत मीटर लावला.
प्लेटला दोनशे अठ्ठ्याहत्तर.

बंद केलं. कपॅसिटर रिकामे केले,
आकडा शून्याला टेकेपर्यंत हात मागे.
जोड चिमट्यानं ओढून पाहिले. दोन पुन्हा तापवले.
रेझिस्टर मोजला, बरोबर.
ट्रान्सफॉर्मर हुंगला, करपलेला नाही.
पुन्हा चालू. तेच दोनशे अठ्ठ्याहत्तर.
कॅथोड पडलेलं. फिलामेंट पाचच्या जरा वर.
सगळंच कसं एका मापानं खाली?
रूबेन दारात, गिटार पिशवीतच.
त्याला बस म्हणायचंही सुचलं नाही.

त्रिशला दार लावून घ्यायला आली.
जेवणं दिवस मावळायच्या आतच झालेली, ते एक बरं.
उभ्या उभ्या म्हणाली,
अवो, डोक्यावरचा बल्ब बघा की.
थ्री फेज आलीया. समद्या मळ्यात पाणी चाललंय.

मीटर भिंतीच्या सॉकेटात घातला.
एकशे अठ्ठ्याऐंशी.

मी हसलो असेन, किंवा शिवी दिली असेन.
या डीपीवर सतरा मोटारी.
त्यांतल्या अकरा मीच भरलेल्या.
मी मोटारी भरतो, मोटारी सऱ्या भरतात,
आणि माझ्याच तांब्यानं माझे बासष्ट व्होल्ट
उसाच्या मुळाशी नेऊन ओतले.

रूबेन म्हणाला, काका, वाजवून तर बघू.
त्यानं पिन खोचली. तार छेडली.
आवाज आधी खाली बसला, मग सावकाश उठला,
गुडघ्यावर हात टेकून म्हातारं माणूस उठतं तसा.
मला तो बिघाड वाटला.
त्याचे डोळे मिटलेले.
हेच, म्हणाला. हेच पाहिजे होतं.
म्हटलं, अरे, हे रोज नाही मिळायचं,
हे महावितरणच्या हातात आहे.

वहीत दुसरा रकाना आखला. वर लिहिलं: रात्री.
तो वाजवत राहिला. मी मीटर लावून बसलो, डावा हात खिशात.
अकराच्या सुमाराला आकडा हलला,
दोनशे एक्याऐंशी.

बहुतेक आदगोंडाची सरी भरली.