भाकरी कोणी भाजली?

मंगळवार, गुरुवार, शनिवार.
चार नंबरच्या मशीनवर शांतवनचं रक्त
नळीतून बाहेर पडतं, धुऊन निघतं, परत येतं.
चार तास. मी बाहेरच्या बाकड्यावर.
समोर ऐरोलीचा रस्ता, रिक्षांची रांग,
खाडीकडून येणारा खारट वास.

सकाळी सहालाच त्रिभुवन मास्तरांचं वचन येतं फोनवर,
मागे उगवता सूर्य, खाली दोन गुलाब.
भिऊ नको.
गेल्या महिन्यात भिऊ नको नऊ वेळा आलं.
मोजलं मी.
जोडलेले हात पाठवते उलट टपाली,
आणि बघते क्रिएटिनिनचा आकडा.
तो भीत नाही कुणाला.

पिशवीत फाइल, फाइलखाली आईचं शास्त्र,
रेक्झिनचं कव्हर शिवलेलं, तेही काळ्या दोऱ्याने.
राहुरीच्या शाळेत बत्तीस वर्षं शिकवलं तिने,
आणि समासात पेन्सिलीने हिशेब ठेवला देवाचा:
मेंढपाळाच्या स्तोत्रापाशी, पगार नाही, तिसरा महिना.
ईयोबापाशी, धाकट्याला गोवर.
विलापगीतापाशी नुसती तारीख,
बाबा गेले तो दिवस.
मला लहानपणी वाटायचं,
शास्त्रात हे सगळं छापूनच येतं.

एलीयाच्या गोष्टीला मात्र तारीख नव्हती.
संदेष्टा रानात पळून जातो,
रतामाच्या झुडपाखाली बसतो,
म्हणतो, बास झालं देवा, मला उचल.
आणि झोपतो.
देव त्याला बोल लावत नाही,
वचनही ऐकवत नाही.
उशाशी निखाऱ्यावरची भाकरी, पाण्याचं भांडं.
ऊठ, खा.
तो खातो, पाणी पितो,
आणि परत झोपतो! (हे मला फार आवडतं.)
तिथे आईने लिहिलंय बारीक अक्षरात:
भाकरी कोणी भाजली?

देवदूताने, आई. लिहिलंय की तिथेच.
पण ती बाई आयुष्यभर पहाटे चारला चुलीपाशी बसलेली,
तिला देवदूताच्या हाताचे चटके दिसत असणार.

परवा गुरुवारी शांतवनचा रक्तदाब घसरला.
पडदा ओढला त्यांनी. मला बाहेर थांबा म्हणाले.
आवारात एक पर्जन्यवृक्ष आहे,
खाली पार्क केलेल्या स्कूटर, पक्ष्यांची घाण.
तिथे बसले आणि तेच शब्द निघाले तोंडातून,
पाठ केल्यासारखे नाही,
ओकारीसारखे.
डोळा लागला असावा.

खांद्याला हात लागला, मासळीच्या वासाचा.
दोन नंबरच्या मशीनवरच्या पोराची आई,
दिवा गावची, नाकात मोठी नथ, कासोटा घट्ट.
सहा महिने समोरासमोर बसलो,
नाव विचारलं नव्हतं मी.
ऊठ गो बाय, म्हणाली, खा आधी.
फडक्यात तांदळाची भाकरी, अजून ऊन,
वर बोंबलाची चटणी, लसूण पुष्कळ.
नको म्हणाले. तिने ऐकलं नाही.
रात मोठी हाय, म्हणाली.
बाटलीतलं पाणी प्लॅस्टिकच्या वासाचं होतं,
सगळं प्यायले.

आकाशातून काही आलं नाही.
शांतवनचा दाब आला वर, हळूहळू, नव्वदपर्यंत.
आत गेले तर म्हणाला,
तुझ्या तोंडाला लसणीचा वास येतोय,
आणि हसला, जेमतेम.
किडनीच्या यादीत आमचा नंबर तोच आहे, एकशे सदतीस.

घरी आल्यावर शास्त्र काढलं.
पेन्सिल सापडेना. पोरीच्या कंपासपेटीत मिळाली,
टोक बोथट.
आईच्या प्रश्नाखाली, जाडजूड अक्षरात:
धाकलीबाय म्हात्रे, दिवा गाव.
तारीखही टाकली.

सकाळी सहाला फोन वाजला.
सूर्य, गुलाब, भिऊ नको.
दहावं.
मास्तरांना उलट विचारलं मी,
जेवलात का रात्री?
बऱ्याच वेळाने उत्तर आलं.
ही गेल्यापासून, म्हणाले,
रात्रीचं काही करत नाही मी.